चार वाजताची नदी

सेतूबलच्या बंदरामागे सार्डिन डबाबंद करायचे,
त्या कारखान्याची एक भिंत तेवढी उरली होती.
नगरपालिका म्हणाली, हिच्यावर काहीतरी करा,
अंधांनाही घ्या सोबत.
त्यातला ‘ही’ मला तेव्हा खटकला नाही.
मी भट्टीवाला. फरशा भाजतो.

पहिल्या दिवशी मी मासा करून नेला,
सहा फरशांचा, गुळगुळीत, माझ्या मते देखणा.
फिरमीनो जन्मापासून आंधळा, जाळी सांधून पोट भरतो.
त्याने एकदाच हात फिरवला.
“हे माशाचं चित्र झालं. मासा कुठाय?
शेपटीकडून डोक्याकडे जाताना हात अडायला हवा.”
घरी येऊन ताटातल्या माशावर उलटा हात फिरवला.
पन्नास वर्षं खात आलो होतो.
खवले बोटांशी भांडले.

ग्रासिएते याच भिंतीआड एकोणीस वर्षं उभी होती,
मुंडकी उडवत, मिठात.
डोळे नंतर गेले, साखरेने.
ती म्हणाली, भोंगा हवा.
चार कारखाने, चार भोंगे.
अपरात्री होड्या लागल्या की
ज्याची मासळी त्याचा भोंगा,
आणि बायका झोपेतच ठरवायच्या
उठायचं, की कूस बदलायची.
मी पाइप कापत गेलो, ती घशातून सूर देत गेली.
“अजून खाली आहे.
एवढ्यावर मी शेजारच्या कारखान्यात पोचले असते,
आणि त्यांनी हाकललं असतं मला.”
दोन बोटं आणखी कापला.
ती गप्प झाली. मग पदराशी हात पुसावेत
तसे कोरडेच हात तिने झग्याला पुसले.

रंगाचं मी विचारलंच नाही कुणाला.
संकोच म्हणा.
नदी निळी, बाकी पांढरं, हे मनाशी ठरलेलं,
हा भाग डोळेवाल्यांसाठी.
लिबानिया सोळा वर्षांची, कडेकडेचं थोडं दिसतं तिला.
अंगणात मांडलेल्या नमुन्यांवर तिने तळवा टेकला,
चटकन उचलला.
“ही तापलीय. शेजारची का नाही?”
ही गडद निळी. शेजारची पांढरी.
ऊन दोघींवर सारखंच.
आणि मी चाळीस वर्षं विस्तवापाशी बसलेला माणूस
आ वासून बघत राहिलो.

त्या दुपारी नदी पुन्हा काढली, सगळ्यांनी मिळून.
गडद फरशा कमरेच्या उंचीवर, वळणावळणाने,
मध्ये रेतीचे दांडे, पांढरे, थंड.
भिंतीचं तोंड पश्चिमेला.
सकाळी ती नुसती भिंत.
बारानंतर धुगधुगी.
चारला सादो काठोकाठ भरते.
“आणि ढग असले तर?” पालिकेच्या इंजिनियरने विचारलं.
फिरमीनो म्हणाला, “धुक्यात तुम्हाला तरी
खरी नदी कुठे दिसते, साहेब?”

उद्घाटनाला भिंतीपुढे दोरी बांधलेली.
पाटी: कृपया हात लावू नये.
वाईट हेतू नव्हता. सवय होती.
ग्रासिएतेची काठी दोरीला अडली.
तिने दोरी चाचपत गाठ शोधली,
फिरमीनोच्या हातात दिली.
“कच्ची आहे,” तो म्हणाला,
आणि महापौरांचं भाषण संपायच्या आत
दोरीची सुबक गुंडाळी करून
त्याने ती त्यांच्याच हाती ठेवली.

तीन वर्षं झाली. परवा पत्र आलं,
निळ्या फरशांची झिलई उडालीय, बदलून द्याल का?
तपासायला गेलो तर सूर्य बुडालेला.
भिंतीशी लिबानिया उभी, तळवा शेवटच्या वळणावर.
मी खाकरलो. वहीत काहीतरी लिहायचं होतं मला.
“थांबा,” ती म्हणाली,
“अजून वाहतेय.”